हनुवटीखालचं कापड

रहिमाबीनं शेजारणींना सांगितलं होतं की फरीदाचे डोळे दुखतात, म्हणून पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. फरीदाचे डोळे ठणठणीत होते. बोलता बोलता ती सुईत दोरा ओवायची. दुखणं होतं चेहऱ्याचं, आणि त्याचा डॉक्टर पुण्यात स्टेशनजवळ बसायचा. त्याच्या दारावर पाटी होती, 'त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ'. लग्नाची मुलगी त्या पाटीखालून आत शिरताना कुणी पाहिली, तर मुरमं गेली काय अन् राहिली काय, दोन्ही सारखंच. मायलेकी बराच वेळ समोरच्या रसवंतीशी उभ्या राहिल्या आणि रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही असं बघून, तोंडावर पदर ओढून आत घुसल्या.

हे एक्क्याऐंशी सालातलं. फरीदा तेव्हा वीस वर्षांची. बाप चांदभाई मुंबई-पुणे रस्त्याला ट्रक दुरुस्त करायचा. मूळचे चऱ्होलीचे, आता संत तुकाराम नगरच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला. पुढच्या खोलीत फरीदाची पायमशीन होती. सगळ्या कॉलनीचे ब्लाउज तिच्याकडे यायचे. हात बायकांना आवडायचा आणि चेहऱ्याची कीव यायची, त्यातही कीव जरा मोठ्यानं बोलून दाखवली जायची. मुलतानी माती झाली, जायफळ उगाळून झालं, एकीनं तर शिळी थुंकी लावायला सांगितली, तीही लावून झाली. दोन स्थळं दारातून परत गेली होती. दुसऱ्या वेळी मुलाच्या आईनं चहा पिता पिता विचारलं, "हे अंगावर पण हाय का?" फरीदा ते विसरली नव्हती. आता चाकणचं स्थळ आलं होतं. मुलाचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि ते लोक ईदनंतर बघायला येणार होते.

डॉक्टरनं दोन मिनिटांत चेहरा बघून चिठ्ठी लिहिली. रात्री पातळ थर लावायचा, उन्हात जायचं नाही, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, दोन महिने सोडायचं नाही. आधी वाईट दिसेल, घाबरायचं नाही. ट्यूबच्या खोक्यात इंग्रजीत बारीक छापलेला कागद होता. तो वाचणारं घरात कुणी नव्हतं आणि बाहेरच्याला वाचायला देण्याची सोय नव्हती. फरीदानं त्यात सुया गुंडाळून ठेवल्या.

आधी वाईट दिसेल म्हणजे किती, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात गाल पोळल्यासारखे लाल झाले. दुसऱ्या आठवड्यात कातडी सुटायला लागली, हसलं तरी ओठांच्या कडेला चिरायचं. आग व्हायची. रहिमाबी म्हणाली, "सोड ते, तोंड जाळून घेशील." फरीदानं सोडलं नाही. उलट लवकर गुण यावा म्हणून ती सकाळीही लावायला लागली, आणि हनुवटीवर, जिथं सगळ्यात जास्त होतं तिथं, जाडसर. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिनं आरशात पाहिलं तर कपाळ सपाट झालं होतं. तिनं बोट फिरवून पाहिलं, परत फिरवून पाहिलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली, आनंदानं.

त्याच आठवड्यात कौशल्याबाई हिरवा ब्लाउज घेऊन आल्या.

कौशल्याबाई म्हणजे कॉलनीतलं वजनदार प्रकरण. नवरा अर्जुनराव कंपनीत सुपरवायझर, आणि बाई घरबसल्या सगळ्या गल्लीच्या. त्यांच्या मुलीचं, शालनचं लग्न ठरलं होतं. रुखवताचे अकरा ब्लाउज फरीदाकडे होते, त्यातले पाच शिवून गेले होते. कापड सगळं कादरचाचाचं.

कादरचाचा सायकलीवर गाठोडं बांधून दारोदार ब्लाउजपीस विकायचा. चांदभाईचा जुना दोस्त. पिंपरीत कारखाने नव्हते तेव्हापासून ह्याच गावांतून फिरत होता. त्याचं एकच बोलणं असायचं, "ताई, रंग गेला तर कादरला परत दारात उभं करू नका." आणि बायका कापड पाण्यात न बुडवता घ्यायच्या, कारण तो तसं म्हणाला होता.

"हे बघ काय झालंय," कौशल्याबाई म्हणाल्या.

हिरव्यागार ब्लाउजवर पुढच्या बाजूला, गळ्याच्या खाली, फिकट पिवळसर डाग होता. रुपयाएवढा. फरीदानं तो उजेडात धरून पाहिला. ब्लाउज तिच्या हातून गेला तेव्हा हा डाग नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"रंग कच्चा असंल, काकू," ती म्हणाली.

शिवणारं माणूस असं पटकन म्हणतंच. बिघडलं की कापडावर ढकलायचं, ही धंद्यातली रीत आहे, आणि फरीदानं ते खोटं म्हणून सांगितलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. कौशल्याबाई घरी जाऊन बाकीचे चार उलगडून बघतात तर त्यातल्या तीन ब्लाउजांवर तसेच डाग. मग शेजारच्या भिमाबाईंच्या जांभळ्या ब्लाउजवर निघाला, मग आणखी दोघींच्या.

शुक्रवारी कादरचाचा सायकल ढकलत गल्लीत आला, तेव्हा बायका त्याची वाटच बघत होत्या. फरीदालाही बोलावून घेतलं होतं. कौशल्याबाईंनी ब्लाउज त्याच्या गाठोड्यावर टाकले.

"रंग गेला तर काय करायचं म्हणालावता, कादरभाई? लग्नाच्या घरात असलं कापड देताना काही वाटलं न्हाई?"

चाचानं चष्मा लावला. एक ब्लाउज घेतला, डागाच्या कडेला नख फिरवलं. खिशातला रुमाल काढून बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि कापडावर घासला. रुमालाकडे पाहिलं आणि पटकन घडी घालून खिशात ठेवला. मग त्यानं एकदा वर पाहिलं, फरीदाकडं. ती गर्दीच्या कडेला उभी होती, ओढणी हनुवटीपर्यंत घेऊन.

"माझीच चूक, ताई," तो म्हणाला. "कच्चं निघालं. सगळे पीस परत घेतो."

"परत ह्या गल्लीत येऊ नका म्हणजे झालं."

"न्हाई येणार."

त्यानं गाठोडं बांधलं. गाठ त्याला दोनदा मारावी लागली. सायकल वळवून तो गेला आणि पुढच्या शुक्रवारी आला नाही. चांदभाई घरी म्हणाला, "कादर म्हातारा झाला राव. पूर्वी असलं कापड उचललं नसतं त्यानं." फरीदाला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला तिला फारसा वेळ नव्हता. ईद दहा दिवसांवर आली होती आणि गाल दिवसेंदिवस निवळत होते.

उशीचा अभ्रा रहिमाबीनं बदलला तेव्हा सगळं उघड झालं. चॉकलेटी रंगाचा अभ्रा होता. मधोमध दोन फिकट डाग, एका बाजूला तिसरा. रहिमाबी म्हणाली, "ह्यो बी कादरकडचाच का गं?" तो कादरकडचा नव्हता. तो चांदभाईनं देहू रोडच्या बाजारातून आणला होता, तीन वर्षांपूर्वी, आणि शंभर वेळा धुतला तरी त्याचा रंग हलला नव्हता. फरीदानं अभ्रा खाटेवर पसरला. गाल, गाल आणि हनुवटी. तिचाच चेहरा होता तो.

ती मशीनपाशी आली. शिलाईच्या क्लासात बाईंनी शिकवलं होतं, हातशिलाई करताना दोन्ही हात मोकळे हवेत तर कापडाचं टोक हनुवटीखाली दाबून धरायचं, म्हणजे ताणलेलं राहतं आणि टाके सारखे पडतात. गेली चार वर्षं ती कडेची हेम तशीच घालत होती. गळ्याची पट्टी हनुवटीखाली, खाली छातीचा भाग. तिच्या टाक्यांचं कौतुक व्हायचं ते त्यामुळंच.

तरी तिनं खात्री केली. हिरव्या कापडाची चिंधी कात्रणांच्या पिशवीत होती. तिच्यावर चण्याएवढं औषध लावलं आणि ती पत्र्यावर ऊन लागेल अशी ठेवली. दुसऱ्या दिवशी बघितली तर मध्ये फिकट पिवळं भोक पडल्यासारखं दिसत होतं. कापड शाबूत, रंग तेवढा गेलेला.

फरीदानं आईला सांगितलं. रहिमाबीनं चिंधी तिच्या हातातून ओढून घेतली आणि चुलीत घातली.

"कुणाला बोलायचं न्हाई."

"चाचाला गल्लीतून काढलं, अम्मा."

"कादरला दुसरी गल्ली मिळंल. तुला दुसरं स्थळ मिळंल का? औषध कसलं, कुणी दिलं, म्हणून विचारतील. काय सांगशील? पाटी काय हाय त्या दारावर?"

आई चुकीचं बोलत नव्हती, हाच तर सगळा घोटाळा होता. कापड हनुवटीखाली धरायचं फरीदानं सोडलं, शिवायला बसताना चेहरा साबणानं धुवायला लागली. डाग पडायचे थांबले. आता गप्प राहिलं की झालं. पण त्यामुळं चाचावरचा आळ आणखीच खरा ठरत होता. बायका आता कापड दुकानातून आणत होत्या, डाग थांबले, म्हणजे म्हाताऱ्याचंच कापड वाईट होतं. भिमाबाई तसं बोलूनही गेल्या. "बघ, मी म्हणत नव्हते?" फरीदाच्या सुईचा टाका वाकडा गेला आणि तिनं तो उसवला.

रविवारी ती दूध आणायला पिंपरी कॅम्पात गेली, तेव्हा चाचा दिसला. भाजीबाजाराच्या तोंडाशी सायकल लावून जमिनीवर कापडं मांडून बसला होता. बोभाटा सगळ्या गल्ल्यांत झाला होता; दारोदारचं गेलं, आता रस्त्यावर. एक बाई ब्लाउजपीस हातात घेऊन म्हणाली, "रंग जाईल का हो?" चाचानं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. "पाण्यात टाकून बघा ताई, मग सांगा," एवढंच म्हणाला. फरीदाला बघून त्यानं हात वर केला, हसला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून मान डोलावली, बरं दिसतंय म्हणून.

ती घरी आली ती तशीच उशीचा अभ्रा घेऊन बाहेर पडली. रहिमाबीनं दारात हात धरला. फरीदानं तो सोडवला. आईचा हात तिनं आयुष्यात पहिल्यांदा असा सोडवला.

कौशल्याबाईंच्या अंगणात पापड चालले होते. सात-आठ बायका होत्या. फरीदानं अभ्रा चटईवर पसरला.

"हे कादरचाचाचं कापड न्हाई," ती म्हणाली. "तरी डाग पडलेत. ते माझ्या तोंडाच्या औषधाचे हायेत. तुमच्या ब्लाउजवर पण तेच. मी कापड हनुवटीखाली धरते. चाचाचा रंग पक्का होता."

कौशल्याबाई हातातलं पीठ पुसत उठल्या, अभ्र्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"औषध कुणाचं?"

फरीदानं डॉक्टरचं नाव सांगितलं. एका बाईनं लगेच विचारलं, "तो स्टेशनजवळचा? पाटीवाला?" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

"मुरमांचंच औषध हाय," फरीदा म्हणाली. "दुसरं काही न्हाई."

"असेल गं. आम्ही कुठं काय म्हणतोय?" कौशल्याबाईंचा आवाज मऊ होता, आणि तो मऊपणा फरीदाला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागला. "सांगितलंस ते बरं केलंस. कादरभाईला निरोप धाडते, चुकलंच आमचं. पण राहिलेले पीस तेवढे परत दे. लग्नाचं घर आहे, समजून घे." भिमाबाईंनी चटईवरचं पापडाचं ताट उचलून अभ्र्यापासून लांब ठेवलं.

संध्याकाळपर्यंत मशीनजवळची सगळी कापडं त्या त्या घरी परत गेली. ईदच्या तिसऱ्या दिवशी चाकणहून एक माणूस चांदभाईच्या गॅरेजवर आला आणि उभ्याउभ्याच सांगून गेला की मुलाचा विचार सध्या लांबणीवर पडलाय. चांदभाईनं घरी येऊन ते सांगितलं आणि जेवला नाही. रहिमाबी पोरीशी आठ दिवस बोलली नाही. चेहरा मात्र स्वच्छ होत गेला. आरशात आता जी मुलगी दिसायची तिला बघायला कुणी येणार नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी कादरचाचाची सायकल गल्लीत आली. बायकांनी हाका मारून त्याला बसवलं, चहा दिला. तो सगळ्यांशी दोन शब्द बोलला, पण गाठोडं उघडलं नाही. ते घेऊन तो सरळ फरीदाच्या दारात आला आणि उंबऱ्यावर बसला. रागावलेला होता.

"कशाला सांगितलंस?"

"तुमचं नाव खराब झालं होतं, चाचा."

त्यानं खिशातून तो रुमाल काढला. अजून तशीच घडी होती. "कच्चा रंग रुमालावर येतो. पाणी लावून घासलं तरी रुमाल पांढराच राहिला. रंग गेला नव्हता बेटा, कायतरी लावून खाल्ला गेला होता. कापडात जन्म गेला माझा, मला एवढं कळत न्हाई?" त्यानं तिच्या ओढणीकडं बोट केलं. "आणि त्या दिवशी तुझ्या ओढणीवर, हनुवटीपाशी, तस्साच डाग होता. मला तवाच समजलं."

फरीदाचा हात हनुवटीकडं गेला. चाचानं रुमाल परत खिशात घातला.

"माझं काय, म्हातारा माणूस, नाव गेलं तर गेलं. तुझं ऱ्हावं म्हणून मी गप बसलो. तू माझं परत आणून दिलंस. आता तुझं मी कुठून आणू?"

आतून रहिमाबीच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग चाचानं गाठोड्याची गाठ सोडली, चळत चाळली आणि तळातून पांढऱ्या पॉपलिनचा तुकडा काढून रिकाम्या मशीनवर ठेवला.

"तुझ्या चाचीला पोलकं हवंय. पांढरं हाय. खुशाल धर हनुवटीखाली."

फरीदानं कापड उचललं, टेप गळ्यात घातली आणि चाचीची मापं विचारली.