तांब्याची पन्हळ

"लोखंड ताठ राहील, पण गंजेल. पोरीच्या नडगीला जखम आहे," हे म्हणाले. पुढ्यात तीन तारा होत्या, लोखंडाची, पितळेची आणि तांब्याची. शेजारी डाक्तरांनी कागदावर काढून दिलेलं चित्र.

"मग पितळ घ्या."

"पितळ टाचेशी वळवताना चिरतं. आज दिसत नाही, महिन्याने तडकतं." त्यांनी पितळेची तार बाजूला सारली. "तांबं कुठेही वळतं, गंजत नाही."

"पण तांबं मऊ ना हो?"

"ते मी बघतो," म्हणाले. धंद्याचं बोलणं ते घरात एवढंच करीत.

ही राणीच्या ज्युबिलीच्या सालची गोष्ट. आम्ही कोपरीत राहत होतो. उंदरांचे पिंजरे, पोपटांचे पिंजरे, दिव्यांच्या साखळ्या, तार वळवून जे जे होतं ते हे करीत. भट्टी ठाण्याच्या बाजारात होती. बायकामाणसं तिकडे जात नसत. आमची तुळसा नऊ वर्षांची. मिठागराच्या बांधावरून घसरून गाडीच्या चाकाखाली आली आणि गुडघ्याखाली पाय मोडला. मोडका पाय ताठ बांधून ठेवायच्या दवाखान्यातल्या पत्र्याच्या पन्हळी मोठ्या माणसांच्या मापाच्या. जखम धुता यावी, म्हणून डाक्तरांना तारेची जाळीदार पन्हळ हवी होती. "धातू कुठलाही घ्या मिस्त्री," ते म्हणाले होते, "पण सहा आठवडे ती तसूभर वाकता कामा नये."

माघात तुळसाचं लग्न ठरलं होतं, कल्याणला. आता मुलगी चालून दाखवा, एवढंच मुलाकडच्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवसांनी हे पन्हळ घेऊन आले. इतकी सुबक, की देवापुढे ठेवावी. "डाक्तरांनी पसंत केली. उद्या सकाळी कंपौंडर येऊन बांधेल," म्हणाले. मग तारेवर बोट फिरवत, "शेवटच्या तीन ओढी थंडच घातल्यात."

मी हो म्हटलं. मला त्यातलं काय कळणार. तांबं थंड असतंच, एवढं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे पहाटेच भट्टीवर गेले. मी तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. तुळसा चालेपर्यंत मीठ सोडलं होतं, तो पाचवा दिवस. पन्हळ हातात घेतली आणि मनात आलं, ही दवाखान्यातून आली. तिथल्या बाकावर ठेवली असेल. काल तिथे एक म्हातारी गेली, असं हेच बोलले होते. आणि तुळसाचं अंथरूण देवघराला लागून. धातूचं भांडं कुठून कुठून आलं तर आपण काय करतो? अग्नी दाखवतो. माझ्या आईने तेच केलं, मीही तेच करीत आले.

चुलीत निखारे फुललेले होते. देवाचं नाव घेत मी पन्हळ त्यांवर ठेवली. तार लाल झाली तेव्हा हात जोडले. मग पाण्यात बुडवली, काळी पडली होती ती चिंचेने घासली. लखलखीत झाली. कंपौंडर आला तेव्हा म्हणाला, "वा काकू, सोन्याची केलीत की." त्याने कापूस घातला, पट्ट्या गुंडाळल्या आणि पाय त्यात बांधून टाकला.

तिसऱ्या आठवड्यात शेजारची आवडाबाई ताजं मीठ घेऊन आली. "तुजा उपास हाय तं तुजे घोवाला घाल," म्हणाली. तुळसाची वेणी घालता घालता पायाकडे बघत राहिली. "गो वयनी, यो पाय मना वाकरा दिसतो."

"पट्ट्या आहेत त्या, आवडाबाई. सुजेने तसं वाटतं."

"माजे डोले म्हातारे झाले असतील," ती हसली. "पन मचव्याचा वाकरा दांडा मी लांबून वलखते."

मी विषय बदलला. देव आपलं बघतो आहे, असं मनात ठाम होतं. ह्यांच्या कानावरसुद्धा घातलं नाही.

सहा आठवडे भरले. डाक्तरांनी पट्ट्या सोडल्या आणि नडगीवरून दोनदा बोट फिरवलं. जखम छान भरली होती. हाड सांधलं होतं, पण बाहेरच्या अंगाला झुकून. पन्हळही तशीच झुकलेली.

"मिस्त्री, कसलं तांबं घातलंत हे?"

ह्यांनी पन्हळ उचलली. एक तार दोन बोटांत धरून हलकेच दाबली. ती दोऱ्यासारखी वळली. त्यांनी दुसरी दाबून पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. 

"चूक माझी, साहेब," ते डाक्तरांना म्हणाले. "लोखंड घ्यायला हवं होतं."

"पुन्हा मोडून बसवायचं तर जखम उघडेल. मग पायच जाईल."

"नको. राहू द्या तसंच."

बैलगाडीत तुळसा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पूल ओलांडल्यावर मी विचारलं, "तांबं विस्तवात गेलं तर काय होतं हो?"

"मऊ होतं. मेणासारखं." मग, "न तापवता थंडच ओढत गेलं की ताठ होतं. एकदा तापून लाल झालं की सगळी ओढ गेली."

"मी दाखवला होता अग्नी. शुद्ध व्हावं म्हणून."

ते बैलांच्या शिंगांकडे बघत होते.

"तुळसा जागी आहे," म्हणाले. "हळू बोल."

त्यानंतर ह्या विषयावर त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मला वाटायचं, एकदा तरी बोलावं, ओरडावं. बाजारात लोक म्हणत, मिस्त्रीला स्वतःच्या पोरीसाठी धातू निवडता आला नाही. हे ऐकून घेत. पिंजऱ्यांची कामं येत राहिली. दवाखान्याने मात्र पुन्हा काही करायला सांगितलं नाही. 

कल्याणची माणसं आली. तुळसा ओटीवरून माजघरापर्यंत चालली. त्यांच्यातल्या वडीलबाईंनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. "गोड आहे हो पोर. पण लहान आहे अजून, पुढे बघू," म्हणाल्या. जाताना दिलेला नारळ त्यांनी ओट्यावरच ठेवला.

माघातल्या सोमवारी आम्ही तिघं कौपिनेश्वराच्या देवळात निघालो. तुळसाने बापाचं बोट धरलं होतं. एक पाऊल नीट पडे, एक बाहेर फेकलं जाई. ह्यांची चाल मुळात झपाझप. मी आयुष्यभर त्यांच्या मागे धावत आले. त्या दिवशी ते हळू चालत होते. नंतर मला दिसलं, नुसते हळू नाही. तिचं पाऊल बाहेर पडे तेव्हा तेही आपलं पाऊल तसंच बाहेर टाकीत होते, म्हणजे बोटाला हिसका बसू नये.

तुळसा त्यांना काहीतरी सांगत होती, हसत होती. मी गती कमी केली आणि मागे राहिले. मागून येणाऱ्या एका माणसाने त्या दोघांकडे पाहिलं, जरा हळहळला आणि बाजूने पुढे निघून गेला. बापलेक दोघंही लंगडी आहेत, असंच त्याला वाटलं असावं.