कोऱ्या रकान्यातली रेघ

ताईंचा हात चुकत नाही, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी गृहीत धरलेलं. माघारी आम्ही त्यांना ‘काटेकोर’ म्हणायचो आणि त्या मला तोंडावर ‘धांदरट’ म्हणायच्या. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. माझी बारा वर्षं झाली. माझ्या थेंबांबद्दल न बोललेलं बरं.

आमचं काम रक्तपेशींचं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरून वाढीचं संप्रेरक येऊन त्यांना चिकटलं, की त्यांच्या आतल्या टोकाला बसलेलं टायरोसिन कायनेज नावाचं प्रथिन जागं होतं. कारकुनासारखं ते शेजारच्या प्रथिनातल्या टायरोसिन या घटकावर फॉस्फेटचा शिक्का मारतं, ते पुढच्याला गाठतं, आणि वाढायचा हुकूम केंद्रकापर्यंत पोचतो. संप्रेरक नसेल तेव्हा हा कारकून झोपलेला असतो. काही रोग्यांत मात्र तो कुणी न सांगताच शिक्के मारत सुटतो. मग रक्त दाट होतं, गुठळ्या धरतात.

तपासणीची रीत सोपी आहे. पेशी काही तास संप्रेरकाविना उपाशी ठेवायच्या, म्हणजे आतलं सगळं शांत होतं. मग दोन नळ्या: पहिलीत नुसतं द्रावण, दुसरीत संप्रेरक. शेवटी फिल्मवर प्रत्येक नळीचा एक रकाना येतो, आणि त्यात जिथे शिक्के असतील तिथे काळी रेघ उमटते. निरोगी माणसाचा पहिला रकाना कोरा असतो. रोग्यांच्या जोडीला एक निरोगी रक्त लागतंच, ते आम्ही आपसांत पाळीपाळीने देतो. त्या सोमवारी पाळी माझी होती. मला सर्दी झाली होती, म्हणून ताईंनी बाही वर केली. मी सुई दोनदा टोचली, त्यावरूनही ऐकून घेतलं.

फिल्म निघाली तेव्हा ताईंच्या पहिल्या रकान्यात रेघ होती. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली. चला, एकदाचा ताईंचा हातही घसरला, पहिल्या नळीत संप्रेरक पडलेलं दिसतंय, असं म्हणाले आणि नोंदवहीत ‘हाताची चूक’ असा शेराही मारला. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. ताईंनी बुधवारी पुन्हा स्वतःचं रक्त घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. रेघ होतीच.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला थंड खोलीच्या दाराशी गाठलं. सोमवारी तू शेजारी होतास, पहिल्या नळीत माझ्याकडून काही पडलेलं पाहिलंस का, असं विचारलं. मी होतो, आणि पाहतही होतो. त्यांची चूक पकडायची म्हणून मी नेहमीच पाहतो. काहीही पडलं नव्हतं. मी म्हटलं, आठवत नाही.

मग त्या सहज सांगावं तसं सांगू लागल्या. गेले चार महिने आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते. यजमानांनी तीन साबण बदलून पाहिले. गालांवर लाली आली आहे आणि सगळे म्हणतात, तब्येत मानवली. तसं म्हणणाऱ्यांत मीही होतो. दाट रक्ताची हीच लक्षणं आमच्या रोग्यांच्या कागदांवर मी बारा वर्षं वाचत आलो होतो.

“शुक्रवारी तू कर,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हाताला काही खोड लागली असेल, तर तुझ्या हातून रकाना कोरा येईल.”

सर्दी गेली होती, म्हणून जोडीला मी माझंही रक्त घेतलं. त्यांची पहिली नळी भरताना एक विचार येऊन गेला, तो लपवत नाही. नमुना जरा कमी भरला असता, तर रेघ दिसलीच नसती. धांदरटाचं काम म्हणून कुणी विचारलंही नसतं, आणि त्या शनिवार-रविवार निवांत झोपल्या असत्या. पण फिल्मवरची रेघ पुसून रक्तातला कारकून झोपत नाही. मी थेंब मोजून टाकला, पुन्हा मोजला. आयुष्यात इतक्या जिवावर येऊन काही नीट केलं नव्हतं.

माझा रकाना कोरा आला. त्यांचा नाही.

ताईंनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि नळ्यांचा क्रम विचारला. मी सांगितला. सर म्हणाले की जनुकाची तपासणी आजच पाठवू, गुठळी व्हायच्या आत कळलं हे नशीब, यावर औषध आहे. ताईंनी मान डोलावली. मी म्हटलं, “ताई, सोमवारीसुद्धा काही पडलं नव्हतं. मी पाहत होतो.”

त्यांनी नोंदवही ओढली, सोमवारचं पान काढलं, पट्टी ठेवून ‘हाताची चूक’ हे शब्द सरळ रेघेत खोडले आणि शेजारी सही केली. मग पेनाला टोपण लावून माझ्याकडे पाहिलं.

“बारा वर्षांत एकदा काम नीट केलंस,” त्या म्हणाल्या, “तेही नेमकं आजच.”