कडूबाईचं विरजण

“सर, तुमच्या आधी एक बंच हाय. तेवढा निघू द्या, मग तुमचं आधार कार्ड,” गोपाळ म्हणाला आणि त्याने यंत्रात कोऱ्या कागदांचा गठ्ठा लोटला.

महारुद्र सर स्टुलावर टेकले. परभणीत बस स्टँडमागच्या गल्लीत गोपाळचं झेरॉक्सचं दुकान. वर अभ्यासिका, शेजारी चहा, आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींची दिवसभर येजा. यंत्र भराभर कागद ओकू लागलं. सरांनी बसल्या बसल्या वरचं एक पान उचललं. पान अजून गरम होतं. त्यावर कर्मणी प्रयोग समजावलेला होता आणि उदाहरण होतं, ‘सविताने पुरणपोळी लाटली.’

सविता म्हणजे सरांची बायको. पुस्तक लिहीत होते त्या दिवशी तिने खरोखरच पुरणपोळी लाटली होती आणि सरांनी जेवायला उठायच्या आधी तिला प्रयोगात बसवून टाकलं होतं. आता त्याच पोळीच्या डोक्यावर आदिनाथ सरांचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याखाली छापलं होतं, ‘विजयपथ अकॅडमी, विद्यार्थ्यांच्या सेवेत.’

“हे कुणाचं रे?”

“आदिनाथ सरांचं व्याकरण. मोबाईलवर पीडीएफ फुकट येती. डोळे दुखतेत म्हून पोरं प्रिंट काढायलेत. लय चालायलंय सर.” गोपाळने कागद ठोकून सारखे केले. “तुमी नवीन कायी लिवलं का न्हाई मग?”

गोपाळच्या मनात काही नव्हतं. पण सरांना शिसारी आली. आपल्या ताटातला घास दुसऱ्याने उचलावा, चावावा आणि पुन्हा आपल्याच ताटात टाकून वर ‘जेवा’ म्हणावं, तशी.

सर मूळचे बोरीचे. बी.एड. झाले, पण कायमची नोकरी काही हाताला लागली नाही. संस्थाचालकांपुढे हात जोडून कंटाळले तेव्हा घरात बसून त्यांनी भरतीच्या पोरांसाठी व्याकरण लिहिलं. ते चाललं. असं चाललं की पोरं दुकानात जाऊन पुस्तकाचं नावसुद्धा घेत नसत. “महारुद्राचं द्या,” एवढंच म्हणत. सहा आवृत्त्या निघाल्या. त्याच्यावर घर चाललं, लेकीचं लग्न झालं, आणि कुठल्याही साहित्य संमेलनाने कधी बोलावलं नाही तरी सर स्वतःला लेखक म्हणवत आले. लेखक नाहीतर काय? लिहिलेल्यावर पोट भरत होतं. संमेलनात मिरवणाऱ्यांपैकी किती जणांचं भरतं?

मग मोबाईल आले. संभाजीनगरचे त्यांचे प्रकाशक दिनकरराव काळाबरोबर चालायचं म्हणून ई-बुक काढून बसले. ई-बुकची पहिली प्रत विकली गेली आणि तीच शेवटची ठरली, कारण घेणाऱ्याने ती रातोरात साऱ्या मराठवाड्याला वाटली. सहाव्या आवृत्तीचे गठ्ठे गोदामात पडून राहिले. सातवीचा मजकूर सरांनी नव्याने लिहून तयार ठेवला होता, पण दिनकरराव ऐकेनात. “सर, व्याकरण कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं,” ते म्हणाले होते. “कर्ता-कर्म कुणीही लिहू शकतो. मजकूर तुमचाच आहे असं दाखवणारं एक तरी काही द्या. वकिलाची नोटीस काढतो, चोराची पीडीएफ बंद करतो आणि सातवी छापतो. नाहीतर आता पुरे करू.”

असं एक काही होतं. सरांचे वडील खळ्यावर धान्याची रास घातली की तिच्यावर राखेच्या रेघा ओढून ठेवायचे. कुणी ओंजळभर जरी उचललं तरी रेघ मोडते आणि चोरी कळते. सरांनीही आपल्या राशीवर एक रेघ ओढली होती. चौथ्या आवृत्तीत, वाक्प्रचारांच्या यादीत, ‘कच्छपी लागणे’ आणि ‘कणीक तिंबणे’ यांच्यामध्ये त्यांनी जगात कुठल्याही पुस्तकात नसलेला एक वाक्प्रचार घुसवला होता.

बोरीत त्यांच्या शेजारी कडूबाई राहायची. ती रोज सांजच्याला सरांच्या आईकडून, चतुराबाईकडून, विरजण मागून न्यायची आणि आळीभर सांगत फिरायची की अख्खी आळी माझ्या विरजणावर दही खाती. कुणी फुकटचा मोठेपणा मिरवायला लागलं की आई म्हणायची, “हे कडूबाईचं विरजण झालं बघ.” म्हणायची ती एकटी आई. घराच्या उंबऱ्याबाहेर तो शब्द कधी गेला नव्हता.

सरांनी गोपाळच्या गठ्ठ्यातलं ते पान शोधलं. कच्छपी, कणीक आणि मध्ये कडूबाई, जिथल्या तिथे बसलेली. सर चक्क हसले. गोपाळला पानाचे पैसे देऊन त्यांनी ते घडी करून खिशात घातलं, आधार कार्ड विसरले, आणि तिथूनच दिनकररावांना फोन लावला.

“सापडला चोर, विजयपथचा आदिनाथ. मी मुद्दाम घातलेला वाक्प्रचारही त्याने उचललाय. पान माझ्या खिशात आहे.”

“उत्तम. तो काय म्हणतो ते एकदा तोंडावर विचारून घ्या. मी वकिलांना बोलावतो.”

विजयपथ अकॅडमी दोन गल्ल्या सोडून, एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर होती. आदिनाथ एकेकाळी ‘महारुद्राचं’ घेऊनच परीक्षांना बसलेला. कुठल्याच परीक्षेत पास झाला नाही, म्हणून पास कसं व्हायचं ते शिकवायला लागला. आज तिथे भरतीत निवड झालेल्यांचा सत्कार होता. हार, शाली, मोबाईल उंच धरून चित्रण करणारा माणूस आणि पेढ्यांचे खोके. या सगळ्याचा जमून आलेला गोडूस वास सरांच्या नाकात गेला.

“या सर, या. आमचे गुरुवर्य,” आदिनाथ पाया पडायला वाकला. सर दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी ते पान त्याच्यापुढे धरलं.

“हे माझं पुस्तक हाय, आदिनाथ.”

“व्याकरण सगळ्यांचं सारखंच असतंय की सर. मी कर्ता-कर्म येगळं कुठून आणू?”

“मग ही कडूबाई कुठून आणली? असा वाक्प्रचार मराठीत न्हाईच. माझी आई म्हणायची, तिचा हाय. चोर धरायला मी घातला व्हता.”

आदिनाथ दचकेल असं सरांना वाटलं होतं. तो दचकला नाही. त्याने सरांना खांद्याला धरून कोपऱ्यात नेलं आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. औंदाच्या भरतीची प्रश्नपत्रिका होती. ‘कडूबाईचे विरजण या वाक्प्रचाराचा योग्य अर्थ निवडा.’ खाली चार पर्याय, आणि दुसऱ्या पर्यायात सरांचीच ओळ, काना-मात्रेचा फरक नाही. म्हणजे पेपर काढणाऱ्या विद्वानानेही पीडीएफच वाचली होती.

“आता बोला,” आदिनाथ हळू आवाजात म्हणाला. “जाहीर करा, ते खोटं हाय म्हून. लोक इचारतील, मग सर इतकी वर्षं पोरांना खोटं इकत व्हते का? आन खरं म्हणाल, तर ते लोकांचं. लोकभाषेला बाप नसतो सर.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सरांना राग आला, पण रागापेक्षा किळस जास्त होती. ती आदिनाथची होती, त्या पेपरवाल्याची होती, आणि चोर धरायला आईला पुस्तकात बसवणाऱ्या स्वतःचीही होती. तरी त्यांनी मनाशी ठरवलं, होऊ दे बदनामी. खोटं लिहिलं म्हणतील, म्हणू देत. सातवी आवृत्ती तर निघेल.

आदिनाथने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते ओळखलं.

“ज्ञानेश्वरी, हिकडं ये गं,” त्याने हाक मारली.

एक काळीसावळी, किडकिडीत पोरगी शालीची घडी छातीशी धरून आली. “गंगाखेडकडची हाय. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत,” आदिनाथ सांगू लागला. “एका मार्कानं यादीत बसलीया. एक प्रश्न रद्द झाला तर बाहेर. सांगा सर, काय सांगायचं ते हिच्यासमोर सांगा.”

चोरी करावी आणि लोक मागे लागले की दुसऱ्याचं लेकरू पुढे धरावं. सरांना वाटलं, इथंच याच्या पायावर ओकावं. पोरीला यातलं काहीच कळत नव्हतं. ती आदबीने म्हणाली, “नमस्कार सर. तुमी पण व्याकरण शिकवता का?”

सरांनी तिलाच उलट विचारलं, “कडूबाईचं विरजण म्हणजे काय?”

तिने डोळे मिटले. “दुसऱ्याकडून मागून आणलेल्या वस्तूवर स्वतःचे औदार्य मिरवणे. वाक्यात उपयोग, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून, स्वतःच्या नावाची पाणपोई घालणे, हे कडूबाईचे विरजण होय.” जिथे सरांनी स्वल्पविराम दिला होता तिथे ती थांबली होती. डोळे उघडून तिने सरांकडे पाहिलं, तर ते हातातल्या पानावर तिची ओळ ताडून बघत होते, आणि तिचा चेहरा उतरला. “चुकलं का सर? मी तेच लिवलंय पेपरात.”

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा माणूस जगात एकच होता.

“बरोबर हाय,” सर म्हणाले.

पोरगी हसली. आदिनाथने तर वेळच लावला नाही. “सर, तोंड गोड करा,” म्हणत त्याने अख्खा पेढा सरांच्या तोंडात कोंबला, एक हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि मोबाईलवाल्याला खूण केली. फोटो निघाला. पोरगी बघत होती, म्हणून सरांना थुंकता आलं नाही. पेढा गालात धरून ते जिना उतरले. खाली पोचतात तोच फोन वाजला.

“वकील समोर बसलेत सर. पान पाठवा,” दिनकरराव म्हणाले. “आणि तोंडात काय आहे तुमच्या? नीट ऐकू येत नाही.”

“पेढा. एक पोरगी पास झाली.”

“बरं. तो तुमचा वाक्प्रचार, तो कुणाच्याच पुस्तकात नाही ना?”

“नाही दिनकरराव, माझंच चुकलं. आमच्या बोरीकडे तो पहिल्यापासून आहे. सगळेच म्हणतात.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. “मग सातवीचं...”

“राहू द्या,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

मग नालीच्या कडेला जाऊन त्यांनी पेढा थुंकला, चहावाल्याकडून तांब्याभर पाणी घेऊन चुळा भरल्या, आणि खिशातलं ते पान काढून त्याला तोंड पुसलं.