तीता साल्बिंगच्या सन्मानाला ढोल

ज्यांनी तीता साल्बिंगच्या संगीताला आयुष्यभर 'मिक्सर बिघडलाय' म्हणून हिणवलं, त्यांनीच तिचा सन्मान करायचं ठरवलं. तोही केझोन सिटीतल्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी.

साल्बिंग माझ्या आईची थोरली बहीण; तीता म्हणजे आमच्याकडे मावशी. यंत्रांवर संगीत रचणाऱ्या आमच्याकडच्या पहिल्या दोन-चार लोकांतली. मालाबोनच्या बर्फ कारखान्यातली घरघर ती टेपवर भरून आणायची, टेप ब्लेडनं कापायची, उलटी जोडायची, संथ करायची. त्यातून 'बर्फ' ही रचना झाली. ताल तिनं त्यातून मुद्दाम वेचून काढला होता, तांदळातले खडे काढावेत तसा.

सन्मानाचा कर्ताधर्ता बोयेत. एकेकाळचा तिचा शिष्य, आता जाहिरातींना चाली लावून गब्बर झालेला. आमंत्रण द्यायला आला, पाया पडावं तसा रीतीप्रमाणे तिचा हात कपाळाला लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"तीता, आम्ही जे काही आहोत ते तुमच्यामुळे."

"हे पाप माझ्या माथी मारू नकोस," ती म्हणाली.

तरी आम्ही गेलो. स्टेजवरच्या फोटोतल्या सुरकुत्या इतक्या पुसल्या होत्या की तीतानं मला विचारलं, "पेर्ला, ही बाई कोण? तिचाही सत्कार आहे का?"

एका नगरसेवकानं आपण तिची गाणी गुणगुणत मोठे झालो असं सांगितलं. तिनं जन्मात एक गाणं केलेलं नाही.

मग बोयेतनं 'बर्फ' वाजवायला घेतलं. घरघर सुरू झाली, मी निःश्वास सोडला आणि तेवढ्यात ढोल! मागून गिटार. चंदेरी कपड्यांतल्या पोरी नाचत आल्या. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले.

तीता उठली, काठी टेकत स्टेजवर चढली. आशीर्वाद द्यायला येतेय असं वाटून बोयेत वाकला.

"हा ढोल कुणाचा?"

"लोक थांबायला हवेत ना, तीता. जरासा आधार दिलाय."

"मी काय पडत होते? बंद कर. नाहीतर माईक माझ्या हातात दे."

माईकला तो घाबरला. ढोल थांबला आणि तिची मूळ रचना सुरू झाली, नुसती, उघडी, कर्कश.

पोरांनी कान झाकले. नगरसेवकसाहेबांना एकदम फोन आला. रांगा रिकाम्या होत गेल्या. नाचणाऱ्या पोरी दूध-बर्फाचं हालो-हालो खायला पळाल्या. शेवटी उरले मी, पहारेकरी आणि घड्याळ बघणारा बोयेत. मला रडू फुटत होतं. तीता मात्र स्टेजवर खुर्ची ओढून, डोळे मिटून बसली होती.

आवाज थांबल्यावर मी तिला आणायला गेले.

"तोंड काय पाडतेस?" ती म्हणाली. चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता. "मधली ती खोल थरथर ऐकलीस? पायांतून वर चढते बघ! घरच्या डबड्यावर मला ती कधीच ऐकू आली नाही. स्पीकर मात्र चांगले आहेत हं मेल्यांचे."

बोयेत पुढे आला. "तीता, लोकांना कळलं नाही हो..."

"त्यांना कळलं म्हणूनच ते गेले. तुला अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र पाठवलं, मयताला शोभेलसं. आमच्या गल्लीत त्याच दिवशी एक म्हातारा गेला होता. तीतानं वरची चिठ्ठी काढली आणि ते तिकडे पाठवून दिलं.