पत्रव्यवहार विभागातला ‘एकतर्फी’ शिक्का

बुधवार, ४ जानेवारी. कोरडी थंडी, आभाळ स्वच्छ.

मी एक शिक्का. लाकडी मूठ, खाली रबर, त्यावर उलटी अक्षरं. कागदावर सुलटा होतो तेव्हा ‘एकतर्फी’ असा वाचला जातो.

अकरा वर्षांपूर्वी संपादकांनी मला करून घेतलं. वाचकांची पत्रं दोन टेबलांवरून जावीत, एकाच बाजूनं बोलणाऱ्या पत्रावर मला उमटवून ते परत पाठवावं, असा त्यांचा नियम. पहिल्या टेबलावर काका बसतात. ते नगरपालिकेतल्या सध्याच्या सत्ताधाऱ्यांचे. दुसऱ्यावर ताई, त्या आधीच्यांच्या. शब्दकोशात माझा अर्थ काहीही असो, या टेबलांवर एकच आहे : आपल्याला झोंबलं. आपल्या माणसाच्या पत्रावर मला दोघांनीही कधी टेकवलेलं नाही.

आज मात्र एकाच पत्रावर मी दोनदा उमटलो. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचं पत्र. फाटकासमोरच्या गटाराचं झाकण तुटलंय, नगरपालिकेला तीन अर्ज देऊनही दाद नाही, मुळात पाच वर्षांपूर्वी बसवलेलं झाकणच पातळ होतं, आणि सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडतेय.

“दाद नाही म्हणे! थेट आमच्यावर टीकेची राळ,” काका म्हणाले. धप्प.

“आणि पाच वर्षांपूर्वी कोण होतं? आम्ही! बरोबर नेम धरलाय बाईंनी,” ताई म्हणाल्या. धप्प.

दुपारी बाई स्वतःच आल्या. सकाळीच शिपायाहाती परत मिळालेलं पत्र टेबलावर ठेवलं.

“मी नक्की कोणाच्या बाजूची हो?”

“त्यांच्या,” काका.

“यांच्या,” ताई.

“बरं. आणि ते भोक?”

काकांनी घसा खाकरला. “बाई, सूर जरा समतोल ठेवा, छापतो की.”

“म्हणजे कसं? अर्धं भोक लिहू? सोमवारी दोनशे बारा पोरं येणारेत. पहिलीतली तर मान वर करून चालतात!”

“भावनिक होतंय हे,” ताई हळूच म्हणाल्या. काकांनी मान हलवली. अकरा वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी पत्राची घडी घातली आणि निघाल्या.

माझं रबर आता कडांना झिजलंय. ‘ए’ अर्धाच उमटतो, ‘र्फी’ची वेलांटीही पुसट उमटते. मला फेकू नका, असं मी म्हणणार नाही. मला उचलाल तेव्हा पुढच्याच्या पत्राआधी एकदा स्वतःच्या कागदावर टेकवून बघा, एवढंच मागणं.

गुरुवार, १२ जानेवारी. थंडी कमी.

काका-ताईंच्या बोलण्यातून कळलं : बाईंनी दोन शिक्क्यांचं पत्र शाळेच्या फाटकावर चिकटवलं आणि सोमवारपासून रोज सकाळ-संध्याकाळ त्या भोकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. दोनशे बारा मुलं आत गेली, दोनशे बारा बाहेर आली. आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी झाकण बसलं. पत्र छापलं गेलं नाही.