डावीकडचा दिवा

“हनुवटी थोडी वर,” फोटोताई म्हणाली. “अजून. बस. आता हसायचं नाही.”

काकूंनी टेकूवर हनुवटी ठेवली आणि ओठ मिटून घेतले. हसायचं नाही म्हटलं की माणसाला हटकून हसू येतं, त्यामुळे फोटोताई एवढं बोलून झालं की मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे म्हणायची आणि मगच बटण दाबायची. काकूंच्या बाबतीत तशी गरज पडत नसे. पहिल्या दिवसापासून त्या पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या बसत. समोरून एक, डावा गाल एक, उजवा गाल एक. तिन्ही फोटोंत हनुवटीखाली तीच रंगपट्टी, एक ते आठ नंबरांची, एक अगदी फिकट आणि आठ काळ्या कॉफीची. खुर्चीच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीच्या त्याच खुणा. आणि दोन बाजूंना दोन दिवे, जे तिने याच सोमवारी स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने बदलले होते, कारण ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं तिच्या जिवावर येई.

त्वचेच्या दवाखान्यातली ही सगळ्यात लहान खोली. तिच्यात गेली अठरा वर्षं ती डागांचे फोटो काढत होती. तिला कुणी नावाने हाक मारत नसे आणि तिलाही माणसांची नावं लक्षात राहत नसत. बाजारात एखादी बाई ओळखीचं हसली की आधी गालावर डाग शोधायचा, तो सापडला की ओळख पटायची. डाग गेलेला असला तर पंचाईत. तसे प्रसंग वर्षातून दोन-तीन यायचे, त्याहून जास्त नाहीत, असं ती कधीतरी बहिणीला म्हणाली होती. त्यावर दोघी खूप हसल्या होत्या.

डॉक्टरांचा एक नियम होता. सहा सिटिंग पूर्ण होईपर्यंत पेशंटला फोटो दाखवायचे नाहीत. दर महिन्याला फोटो पाहणारा माणूस धीर सोडतो आणि मलम लावायचं थांबवतो, असं त्यांचं म्हणणं. फोटोताईने त्यात स्वतःचा एक नियम घातला होता: तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. फरक पडलाय का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, डॉक्टर सांगतील. कुणी रडलं तर कागदी रुमालांचा डबा पुढे करायची आणि त्या वेळात लेन्स पुसायची.

आज काकूंची सहावी सिटिंग होती.

सहा महिन्यांपूर्वी त्या आल्या त्या नवऱ्याच्या मागून. दोन्ही गालांवर वांग, चहा सांडून वाळल्यासारखे, डावा जरा मोठा. काकू एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर काम करत. त्यांना स्वतःला या वांगाचं काही नव्हतं. तो सापडला होता नवऱ्याला, आरशालाही दिसायच्या आधी. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता ते म्हणाले होते, तुझा डावा गाल अर्धी शेड गडद झालाय. काकूंनी जाऊन आरशात पाहिलं तर काहीच नव्हतं. दोन महिन्यांनी होतं.

ते कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवण्याच्या कामावर होते. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि कढईतून निघालेला तुकडा शेजारी शेजारी धरायचे आणि होय किंवा नाही सांगायचं. त्यांनी होय म्हटल्याशिवाय एक ठाण बाहेर जात नसे. कारखान्यात मशीन आणलं होतं, पण मशीनचं आणि त्यांचं जुळलं नाही तर मालक त्यांचं ऐकत. हे सगळं त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं, विचारलेलं नसताना. दवाखान्यातल्या पोरींनी त्याच दिवशी त्यांचं नाव शेडमास्तर ठेवून टाकलं.

तेव्हा ते या खोलीच्या दारात उभे राहिले होते आणि म्हणाले होते, “ताई, तुमचा डावीकडचा दिवा पिवळा पडलाय.”

फोटोताईला राग आला. अठरा वर्षांत तिच्या दिव्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. पण संध्याकाळी तिने दिवा काढून नव्याशेजारी धरला, तर तो खरंच पिवळा होता, अगदी किंचित. तिने दुसऱ्या दिवशी काकूंना परत बोलावून पहिले फोटो नव्याने काढले. मास्तरही आले. रंगपट्टी हातात घेऊन त्यांनी बायकोच्या गालाशी धरली, एकदाच, आणि म्हणाले, पाच. सहाकडे झुकणारा पाच. कॉम्प्युटरनेही तेच सांगितलं. तेव्हापासून फोटोताई त्यांना मानू लागली, जरी ते तिने तोंडावर येऊ दिलं नाही.

मग सिटिंग सुरू झाल्या. दर महिन्याला गालांवर औषध लावून वरची पातळ साल काढायची, रोज रात्री मलम, दिवसा सनस्क्रीन, उन्हात छत्री. काकूंनी सगळं मुकाट्याने केलं. मास्तर दर रविवारी दाढी झाली की त्यांना खिडकीशी उभं करत आणि निकाल देत. दुसऱ्या सिटिंगला काकू म्हणाल्या, हे म्हणतात चारवर आलं. चौथ्याला म्हणाल्या, तीनवर आलं म्हणतात. फोटोताईच्या पडद्यावर पाचच होता. कधी प्रकाशाला लागून साडेचार, पुन्हा पाच. हा वांग चिवट होता, काही असतात तसे.

तिने आपला निष्कर्ष काढला होता: माणूस बायकोचं मन राखतोय. एरवी शेखी मिरवणारा माणूस घरी असा निघावा, याचं तिला थोडं कौतुकही वाटलं. घरी गेल्यावर तिने स्वतःच्या नवऱ्याकडे एकदा जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. तो टीव्ही बघत होता.

“झालं,” ती आता म्हणाली. “या इकडे. आज बघायचंय ना.”

काकू उठून पडद्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. फोटोताईने डावीकडे पहिला फोटो लावला, उजवीकडे आजचा. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, ते येऊन समजावून सांगतीलच. वांग हट्टी असतो, लेझर करून पाहू, सहा महिने वाया गेले असं समजू नका. त्यांचं हे भाषण तिला पाठ होतं. तिने कागदी रुमालांचा डबा टेबलाच्या अलीकडच्या कडेला सरकवला.

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून मोबाइल काढला, त्याच्या काळ्या काचेत गाल पाहिला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“हे दोन्ही सारखेच आहेत,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर सांगतील.”

“डॉक्टर सांगतील ते सांगतील. तुम्ही रोज बघता. सारखेच आहेत ना?”

फोटोताईने लेन्स पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

“मला आरशात दिसत होतं,” काकू म्हणाल्या. “पण म्हटलं, ह्यांच्या डोळ्यापुढे माझा काय पाड. हे म्हणतात दोन, म्हणजे दोन असणार.”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील,” फोटोताई म्हणाली, आणि आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

काकूंनी मान हलवली. चेहऱ्यावर रडू नव्हतं. त्या काहीतरी जुळवून पाहत असाव्यात अशा बसल्या होत्या.

“नाही हो. तो स्वभावच नाही. तीस वर्षांत घरच्या खिडकीच्या एका पडद्याला बरा म्हणालेला माणूस नाही हा. लग्नाआधी मला बघायला आले, तर माझ्या मावशीला म्हणाले होते, तुमच्या सोफ्याचे दोन हात दोन वेगळ्या ठाणातले आहेत. खोटं गोड बोलणं त्यांना जमतच नाही.”

मग त्या म्हणाल्या, “या वर्षी कारखान्यात तीनदा माल परत आला. हे म्हणतात, नवे दिवे स्वस्तातले आणलेत मालकाने.”

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. फोटोताईच्या मनात गेल्या काही महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून वर येऊ लागल्या. मास्तर हल्ली रिसेप्शनवर फॉर्म बायकोकडे देत, चष्मा विसरलो म्हणून. मागच्या वेळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला होता, आणि त्यांनी झाडूवालीला बोल लावला होता. तिने हे पाहिलं होतं आणि त्याचा काही अर्थ लावला नव्हता. डाग तेवढे बघायचे, बाकीकडे कानाडोळा करायचा, ही अठरा वर्षांची सवय.

“त्यांना बोलावता का?” काकू म्हणाल्या. “आणि हे बंद करा आधी.”

फोटोताईने पडदा काळा केला आणि दार उघडून हाक मारली.

मास्तर आले ते ताठ, कुठल्यातरी पाहणीला आल्यासारखे. “काय, दाखवले का फोटो?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर यायचेत,” काकू म्हणाल्या. “तोवर तुम्ही सांगा. हा चांगला दिवा आहे, घरच्या खिडकीपेक्षा. किती नंबर?”

त्यांनी रंगपट्टी टेकूवरून काढून नवऱ्यापुढे धरली. मास्तरांनी ती घेतली नाही.

“ते राहू दे. ते माझ्या डोक्यात आहे.”

ते वाकले. बायकोचा चेहरा त्यांनी दोन बोटांनी हनुवटीला धरून दिव्याकडे वळवला, डोळे बारीक केले, मान आधी उजवीकडे केली, मग डावीकडे. फोटोताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मन राखणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. ती लगेच बोलतात आणि बोलताना दुसरीकडे बघतात. हे तसं करत नव्हते. कामात बुडालेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि मुद्दाम केलेलं त्याच्यात काहीही नव्हतं.

“दोन,” ते म्हणाले. “इथे होता ना तो मोठा?” आणि त्यांनी अंगठा गालावर टेकवला. “आता त्याची कडसुद्धा लागत नाही.”

अंगठ्याच्या चारी बाजूंनी वांग दिसत होता. तपकिरी, स्पष्ट कडेचा, पाच नंबरचा.

काकूंनी अंगठा तिथेच राहू दिला. त्यांचे डोळे फोटोताईकडे वळले आणि तिथेच थांबले.

“छान झालं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “डॉक्टर आता लेझरचं म्हणतील. उरलासुरला काढायला.”

“काढू की. काम अर्धवट नको.”

“ताई,” काकू म्हणाल्या, आवाज अगदी रोजचा, पुस्तक कधी परत करायचं ते सांगावं तसा, “लेझरच्या आधी डोळे तपासून यायला सांगता ना तुम्ही? वरच्या मजल्यावर?”

तसं काही नव्हतं. लेझरच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधतात, तेवढंच.

“हो,” फोटोताई म्हणाली.

“आणि बरोबर येणाऱ्याचेही.”

डॉक्टर काय म्हणतील, वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून काय सांगायचं, हे फोटोताईच्या मनात येऊन गेलं. मास्तरांना निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती, हेही त्यांनीच कधीतरी विचारलेलं नसताना सांगितलं होतं. आणि ते कुणाच्याही सांगण्याने, बायकोच्या तर नाहीच नाही, डोळे दाखवायला जाणारे नव्हते.

“दोघांचेही,” ती म्हणाली. “नियम आहे.”

“माझे?” मास्तर हसले. “अहो, माझ्या डोळ्यांवर कारखाना चालतो.”

“सगळ्यांनाच सांगतो आम्ही, काका. प्रकाश फार तेज असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आल्याशिवाय तारीख देता येत नाही.”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. फोटोताईला वाटलं, आता हे चिडणार. पण ते नियमांचे माणूस होते, आणि नियम कामाचा असेल तर तो त्यांना पटत असे.

“मग काय, एकदा दाखवू. हिचं अडायला नको,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, जरा हळू, “तसंही हल्ली कारखान्यातल्या उजेडाने थोडी चुरचुर होते. त्यांना विचारून ठेवतो.”

काकूंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

फोटोताईने वरच्या मजल्यासाठी चिठ्ठी लिहिली. काय तपासायचं तिथे तिने काही लिहिलं नाही, फक्त दोघांची नावं विचारून घेतली आणि आधी मास्तरांचं लिहिलं. चिठ्ठी तिने काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती वाचली आणि फोटोताईचं मनगट धरलं, एवढं घट्ट की नंतर तिथे थोडा वेळ लाल दिसत होतं.

मास्तर दारापर्यंत गेले, मग थांबून मागे वळले.

“ताई, एक सांगू? तुमचा डावीकडचा दिवा पुन्हा पिवळा पडलाय. उजवाही पडायला लागलाय. बदलून घ्या.”

ती दोन्ही दिव्यांकडे बघत राहिली. पांढरे शुभ्र, सोमवारचे.

“घेते बदलून,” ती म्हणाली.

मास्तरांनी समाधानाने मान हलवली आणि सवयीप्रमाणे जिना उतरायला निघाले. काकूंनी मागून त्यांच्या कोपराला हात घातला आणि त्यांना वरच्या पायऱ्यांकडे वळवलं.