न आलेल्याचा वाटा

खेळ भाविकाचा, आणि पत्रकावर नाव एकट्या स्वप्निलचं. मांडीवर मनालीला थोपटत ती मोबाइलवर आलेलं खेळांच्या प्रदर्शनाचं ते पत्रक मोठं करून करून बघत राहिली, जणू कुठल्यातरी कोपऱ्यातून आपलंही नाव वर येईल.

शाळेनं भंगारात काढलेला, टीव्हीला जोडून चालवायचा जुना संगणक तिनं कॉलेजात असताना मागून आणला होता. जीवना बंदरावरच्या त्यांच्या घरात तो खिडकीपाशी बसला तो बसलाच. अशा यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहिणारी माणसं जगभर आहेत, हे तिला कळलं ते स्वप्निलकडून. तो अलिबागचा, तशाच यंत्रावर सूर बसवणारा. दोघांनी मिळून एक खेळ करायचा ठरवला. भरती-ओहोटी सांभाळत होडी खाडीत आणायची, एवढाच खेळ. पण होडी, खडक, दीपस्तंभ, वर घिरट्या घालणारी पाखरं, सगळं भाविकानं एकेक ठिपका मांडून काढलं होतं. त्यांना हलवणारी आज्ञावलीही तिचीच.

मनाली झाल्यावर तिचा वेळ म्हणजे लेक आजीच्या मांडीवर असेल तेवढाच. तिची आई, नीराबाई, सुक्या बोंबलांचा बाजार उरकून यायची, हात धुवायची, नातीला उचलायची आणि म्हणायची, "बस तुझ्या डब्यापुढं. ही माझ्याकडं हाय." एकदा पडद्यावरची पाखरं बघून तिनं विचारलं होतं, "यांना म्हावरं कोण देतंय गो?" आणि स्वतःच हसत सुटली होती.

आषाढात नीराबाई गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि अलिबागच्या इस्पितळातून ती परत आली नाही. भाविकानं डब्यावर फडकं टाकलं. होतं तेवढं काम स्वप्निलला पाठवून दिलं आणि कळवलं, तुला हवं ते कर. त्यानंतर तिनं त्याचे फोनही घेतले नाहीत.

त्यानं सूर पुरे केले आणि खेळ 'जुना पडदा' मंडळींकडे पाठवला. ही मंडळी असे खेळ त्या जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या कॅसेटवर काढतात, लोकांपर्यंत नेतात. ज्याचा खेळ त्याचाच हक्क, आणि कॅसेटचा खर्च वजा जाता उरेल ते करणाऱ्याचं, असा त्यांचा नेम. रुचिका नावाच्या बाईंनी हे सगळं उभं केलेलं. म्हणून तर भाविकाला जास्त लागलं. लबाडांनी नाव गाळलं असतं तर शिवी देऊन मोकळी झाली असती.

आणि चुकीचा एक धागा तिच्याच हातात होता. खेळाच्या पहिल्या पडद्यावर तिनं कुणाचंच नाव घातलं नव्हतं. होडीवर देवीचं नाव असतं, खलाशांची नावं कोण रंगवतं? दर्यातून येतं ते होडीचं, अशा घरात ती वाढलेली. तिला ते सुचलंच नव्हतं.

नवरा, रितेश, म्हणाला की फोन करून सांग. ती म्हणाली, प्रदर्शनालाच जाते. रितेशला दिघी बंदरातल्या नोकरीवरून सुट्टी मिळेना, म्हणून तिचे वडील, सदा, सोबत निघाले. नीराबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं हो-नाहीवर आलं होतं. दिघीहून आगरदांड्याला जाताना फेरीबोटीच्या कठड्याशी ते नातीला घेऊन उभे राहिले आणि खाडीकडे बघत राहिले. भाविका मनात वाक्यं जुळवत होती.

अलिबागला वाचनालयाच्या वरच्या दालनात जुने टीव्ही ओळीनं मांडले होते. टेबलावर कॅसेटींची चळत होती आणि प्रत्येकीवर तेच एक नाव.

तिला बघून स्वप्निलचा चेहरा उतरला. त्यानं सांगितलं की नावं मागितली तेव्हा तिला किती फोन केले. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कसं द्यायचं, म्हणून तो थांबला, आणि तोवर छापून झालं. खरं होतं ते. तरी तो मान वर करून बोलू शकला नाही.

रुचिकानं सबब काढली नाही. "पाठवणाऱ्यालाच करणारा धरलं मी. चूक माझी. पुढच्या खेपेला दोन्ही नावं घालते."

भाविकानं जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"रुचिकाताई, आमच्याकडं होडी लागली की वाळूवर म्हावऱ्याचे वाटे घालतात. एखादा खलाशी आजारी असला, कुणाच्या घरी मयत झालं असलं, तर त्याचा वाटा पहिला घालतात. आधी न आलेल्याचा, मग बाकीच्यांचे. पुढच्या खेपेला नाही."

रुचिकानं कॅसेटींची चळत उचलून टेबलाखाली ठेवली. नावं लागल्याशिवाय आज एकही विकायची नाही, असं मदतनिसांना सांगितलं आणि कॅसेटींना लावायची कोरी कार्डं पुढं ओढली. "सांग. कोण कोण?"

भाविका तोंड उघडणार तोच पलीकडच्या टीव्हीवर कुणीतरी खेळ सुरू केला.

पुरे झालेले सूर तिनं ऐकले नव्हते. त्या यंत्राचा चिरका, एकसुरी आवाज. पण चाल ती ओळखीची. गाणं नव्हतंच ते. लेकराला झोपवताना नीराबाई ओठ मिटून गुणगुणायची, चार पावलं पुढं आणि एक मागं, तशी ती चाल. भाविकाच्या कडेवरची मनाली मान वळवून बघू लागली.

"तू फोनवर बोलायचीस तेव्हा मागं ऐकू यायचं," स्वप्निल हळू म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

भाविका आपला वाटा मागायला आली होती. न आलेलं माणूस आणखी एक होतं, आणि त्याचं नाव तिलाही सुचलं नव्हतं.

सदा त्या टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले होते. खेळणारा मुकाट बाजूला झाला.

नावं कार्डावर नकोत, खेळातच हवीत, असं भाविकानं सांगितलं. कोपऱ्यातलं एक यंत्र तिला मोकळं करून दिलं. पण त्यात तिळाएवढी जागा उरली नव्हती. अख्खा खेळ मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा कमी जागेत बसवलेला, आणि मराठी अक्षर म्हणजे पुन्हा एकेक ठिपका. स्वप्निल म्हणाला, माझं नाव काढ, कार्डावर पुरे.

"तुझा वाटा तुझाच," भाविका म्हणाली.

खडक काढले तर खेळ मोडतो. दीपस्तंभ काढला तर वाट सापडत नाही. तिनं मनालीला रुचिकाच्या हातात दिलं आणि पाखरं पुसायला घेतली. एकेका पंखासाठी आईनं किती वेळ मांडी दिली होती, ते बोटांना आठवत होतं. आभाळ रिकामं झालं. मग तिनं अक्षरं मांडली. वर नीराबाई, तिच्याखाली भाविका, मग स्वप्निल.

रुचिकानं भाविकाच्या वडिलांना बोलावलं. सदा वाकून, ओठ हलवत वाचू लागले. पहिल्या ओळीवरून त्यांची नजर बराच वेळ हलली नाही. मग खालच्या दोन ओळी झाल्या, मग आभाळ.

"पाखरं गेली गो बाय?"

"हो बाबा. जागा नव्हती."

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढून ते पडद्यापुढं बसले आणि नातीसाठी हात पुढं केले. मनाली त्यांच्या मांडीवर नीट बसली.

"आता परत लाव," ते म्हणाले. "पहिल्यापासून."